शाळेत न जाणाऱ्या मुलांनी परीक्षा कोणती द्यायची? होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांसाठी सगळी माहिती

२०१६ साली मुंबईच्या मालविका जोशीची बातमी तुमच्याही व्हॉट्सॲपवर आली असेल. सातवीच्या टप्प्यावर शाळा सोडलेली, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसलेली १७ वर्षांची मुलगी थेट अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पोहोचली. बातमी फॉरवर्ड करणाऱ्या बहुतेकांनी त्याचा अर्थ काढला, 'बघा, परीक्षा-बिरीक्षा काही लागत नाही.'

पण ती बातमी नीट वाचली तर उलटंच दिसतं. मालविकाकडे आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. म्हणजे तिने परीक्षा दिल्याच होत्या, आणि जगातल्या सगळ्यात अवघड परीक्षांपैकी एक दिली होती. त्या पदकांच्या जोरावर एमआयटीचं दार उघडलं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनेही तिला प्रवेश दिला होता. आयआयटीचं दार मात्र बंद राहिलं, कारण तिथे बारावी उत्तीर्ण असणं ही अट आहे आणि तिच्याकडे बारावीचा कागद नव्हता.

मुलगी तीच, हुशारी तीच. फरक एवढाच की कोणत्या दारावर कोणता कागद चालतो.

होमस्कूलिंग करणाऱ्या, किंवा करायच्या विचारात असलेल्या पालकांची खरी अडचण इथेच आहे. शाळेतल्या मुलाची परीक्षा शाळा ठरवते. घरी शिकणाऱ्या मुलाची परीक्षा पालकांना निवडावी लागते, आणि चुकीची निवड झाली तर ते सहसा मूल १६-१७ वर्षांचं झाल्यावरच कळतं.

आधी कायद्याचं बघू

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. कायद्याच्या कलम १० मध्ये तसं लिहिलंय. पण हे कर्तव्य पाळलं नाही तर पालकांना काय शिक्षा, याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने अशी भूमिका मांडली होती की जे पालक स्वतःहून होमस्कूलिंग निवडतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. त्यानंतरही स्पष्ट असा वेगळा कायदा झालेला नाही. म्हणून भारतात होमस्कूलिंगला उघड परवानगीही नाही आणि तो गुन्हाही नाही.

याचा परीक्षेशी संबंध असा की घरी शिकणाऱ्या मुलाने दरवर्षी अमुक परीक्षा दिलीच पाहिजे, असं भारतात कोणी सांगत नाही. शिक्षणाधिकारी पेपर घेऊन घरी येत नाहीत. चौदा वर्षांपर्यंत मुलाला पुन्हा शाळेत घालायचं ठरवलं तर कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा, आणि कलम १३ प्रमाणे शाळेने प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेणं मना आहे. प्रत्यक्षात खासगी शाळा 'जरा बघू या त्याला काय येतं' म्हणून पेपर पुढे करतात ही गोष्ट वेगळी, पण हक्क काय आहे ते माहीत असलेलं बरं.

मग परीक्षा द्यायचीच कशाला? दोन कारणांसाठी. मूल कुठे आहे हे पालकांना कळावं म्हणून, आणि पुढे कॉलेज, नोकरी, पासपोर्ट यांच्या खिडकीवर दाखवायला कागद हवा म्हणून. या दोन कामांसाठी परीक्षाही वेगवेगळ्या आहेत. पहिलं काम करणारी परीक्षा दुसऱ्या कामाला जवळजवळ कधीच चालत नाही. निम्मा गोंधळ इथेच होतो. पालक आठ वर्षं खासगी ऑलिंपियाडची मेडल्स जमा करतात आणि मग कळतं की अकरावीच्या प्रवेशाला त्यातलं एकही चालत नाही.

मूल कुठे आहे हे बघायचं तर 'असर'पासून सुरुवात करा

लहान मुलांसाठी सगळ्यात सोपं, फुकट आणि मराठीत असलेलं साधन आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण होमस्कूलिंगच्या चर्चेत त्याचं नाव फारसं निघत नाही. ते म्हणजे 'असर'ची चाचणी.

मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' सर्वेक्षण करते. 'पाचवीतल्या इतक्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही' अशा बातम्या दर काही वर्षांनी येतात त्या यातूनच. या सर्वेक्षणाची खासियत अशी की ते शाळेत होत नाही, घरी होतं. स्वयंसेवक गावात दारोदार जातात आणि मूल शाळेत जात असो वा नसो, त्याला समोर बसवून एकेकट्याने तपासतात. म्हणजे घरी बसलेल्या मुलासाठी ही चाचणी आपोआपच योग्य ठरते.

वाचनाच्या कागदावर चार गोष्टी असतात: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करतात. मूल तो सहज वाचत असेल तर गोष्ट द्यायची, अडखळत असेल तर खाली शब्दांवर यायचं. शब्दही जमत नसतील तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल 'शब्द' पातळीवर. गणितात अंक ओळख, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. ना ओएमआर शीट, ना घड्याळ.

या चाचणीला मर्यादा आहेत. दुसरीच्या गोष्टीच्या आणि भागाकाराच्या वर ती काही मोजत नाही. तुमचं मूल दहा वर्षांचं आहे आणि जाड पुस्तकं वाचतंय तर 'असर'मधून नवीन काही कळणार नाही. पण सात-आठ वर्षांचं मूल खरंच वाचतंय की पुस्तकातली पानं पाठ म्हणतंय, हा प्रश्न घरी शिकवणाऱ्या अनेक आयांना रात्री झोपू देत नाही. त्याचं उत्तर या एका कागदात मिळतं.

एक सूचना मात्र पाळावी. ही चाचणी शेजारच्या काकूंनी किंवा आत्याने घेतली तर उत्तम. आई घेत असेल तर नकळत तिचे ओठ हलतात, भुवया वर जातात आणि मुलाला उत्तर कळतं.

त्याच्या वरच्या वयात काय?

तिसरी ते दहावीच्या पातळीसाठी भारतात 'ॲसेट' ही चाचणी बऱ्यापैकी मान्यता असलेली आहे. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेची ही चाचणी पाठांतराऐवजी संकल्पना समजली का हे बघते. 'अपूर्णांकाची बेरीज येते, पण अपूर्णांक म्हणजे काय हे चित्रात ओळखता येत नाही' अशा प्रकारचा कौशल्यानुसार रिपोर्ट मिळतो, आणि घरी शिकवणाऱ्याला गुणांपेक्षा या रिपोर्टचा उपयोग जास्त. ती मुख्यतः शाळांमार्फत घेतली जाते, त्यामुळे वैयक्तिक नोंदणी करता येते का, हे त्या त्या वर्षी आधी विचारून घ्यावं लागतं.

'शाळेमार्फत' हा शब्द होमस्कूलिंग करणाऱ्यांना वारंवार आडवा येतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. मराठी घरांमध्ये तिचं वजन मोठं, पण अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. एनएमएमएसचंही तसंच. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी, प्रात्यक्षिक, कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे असल्यामुळे घरी प्रयोग करत वाढलेल्या मुलाला ती खरं तर मानवते. पण इथेही नोंदणी कशी करता येईल याची चौकशी आधी करावी, आणि मुलाला तयारीला बसवावं ते त्यानंतरच.

आता ऑलिंपियाडबद्दल. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक आहेत आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड, ज्यांच्या भारतातल्या विज्ञान आणि गणिताच्या निवडीचं केंद्र मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यातून देशाचा संघ निवडला जातो आणि त्या यशाला जगभरची विद्यापीठं मान देतात. दुसऱ्या आहेत खासगी संस्थांच्या, पहिलीपासून दरवर्षी फी भरून द्यायच्या परीक्षा. त्या वाईट नाहीत, मुलाला सराव मिळतो. पण त्यात अनेकदा शाळेतला क्रमांक, वर्गातला क्रमांक यावर पदकं दिली जातात. घरी शिकणाऱ्या एकुलत्या एक मुलाचा 'शाळेतला पहिला क्रमांक' म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

आणि हो, नॅशनल अचिव्हमेंट सर्व्हे किंवा पिसा या नावांनी गोंधळून जाऊ नका. त्या चाचण्या राज्याची, देशाची शिक्षणव्यवस्था मोजतात. त्यात एकेका मुलाचा निकाल घरी येत नाही.

निकाल हातात आला, पण तो वाचायचा कसा?

एमएचटी-सीईटीमुळे महाराष्ट्रात पर्सेंटाइल हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. तरीही दरवर्षी निकालाच्या दिवशी 'सत्तर पर्सेंटाइल म्हणजे सत्तर टक्के ना?' हा प्रश्न येतोच. नाही. सत्तर टक्के म्हणजे शंभरपैकी सत्तर मार्क. सत्तर पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभर मुलांपैकी साधारण सत्तर मुलं तुमच्या मुलाच्या मागे. पेपर फार अवघड असेल तर चाळीस टक्के मिळूनही पर्सेंटाइल नव्वद येऊ शकतो.

मग पुढचा प्रश्न: मागे असलेली ही सत्तर मुलं कोण? होमस्कूलिंग करणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फी भरून परीक्षा देणाऱ्या शहरी इंग्रजी माध्यमाच्या मुलांत पन्नासावा पर्सेंटाइल आणि सगळ्या राज्यातल्या मुलांत पन्नासावा पर्सेंटाइल, यांचा अर्थ वेगवेगळा आहे. पहिल्या गटात 'मधोमध' असलेलं मूल दुसऱ्या गटात बरंच पुढे असू शकतं.

भाषेचाही असाच घोळ. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजीतला गणिताचा पेपर दिला तर तो पेपर अर्धा गणिताचा आणि अर्धा इंग्रजीचा होतो. शाब्दिक उदाहरणात मूल अडकलं ते भागाकारामुळे की 'रिमेन्डर'चा अर्थ न कळल्यामुळे, हे मार्कांवरून समजत नाही. अशा वेळी तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवा. दोन मिनिटांत खरं कारण कळतं.

परदेशी चाचण्यांमध्ये 'ग्रेड इक्विव्हॅलंट' नावाचा एक आकडा असतो आणि तो पालकांना हमखास चढतो. चौथीतल्या मुलाच्या निकालावर ७.२ असं लिहून येतं आणि घरात पेढे वाटले जातात की पोरगं सातवीचं गणित करतंय. तसं नसतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की चौथीचा पेपर सातवीतल्या साधारण मुलाने सोडवला असता तर त्यालाही इतकेच मार्क मिळाले असते. मुलाने बीजगणित पाहिलेलंही नसेल. या आकड्यावर विसंबून मुलाला तीन इयत्ता पुढची पुस्तकं देणं म्हणजे त्याला गणिताचा कंटाळा आणण्याची खात्रीची पद्धत.

घरी शिकणाऱ्या मुलांची प्रगती बहुतेकदा वाकडीतिकडी असते. वाचन आठवीचं, गणित चौथीचं, अक्षर दुसरीचं. त्याला सहावीचा ठरावीक पेपर दिला तर वाचनात सगळं बरोबर आणि गणितात सगळं चूक येईल, आणि दोन्हीतून काहीच कळणार नाही. अशा मुलासाठी अडॅप्टिव्ह चाचणी चांगली. त्यात कॉम्प्युटर आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड हे ठरवतो. अमेरिकेतली मॅप ग्रोथ ही अशीच चाचणी आहे. तसा पर्याय मिळत नसेल तर विषयाप्रमाणे वेगवेगळ्या इयत्तेचा पेपर द्यावा. घरी परीक्षा घेण्याचा फायदा तरी दुसरा काय?

आता कागदाची गोष्ट: दहावी-बारावी

सीबीएसईची दहावी बाहेरून देण्याची सोय ठरावीक गटांपुरती आहे, उदाहरणार्थ आधी नापास झालेले विद्यार्थी. कधीच शाळेत न गेलेल्या पुण्याच्या किंवा पणजीच्या मुलासाठी तो रस्ता नाही, हे आधीच स्पष्ट असू द्या. मग उरतात चार रस्ते.

सगळ्यात रुळलेला रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिचं विभागीय केंद्र पुण्यातही आहे. दहावीसाठी किमान वय १४ वर्षं, बारावीसाठी १५. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. दहावीला मराठी माध्यमही मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. म्हणजे एका वेळी एक-दोन विषय देत देतही दहावी पूर्ण करता येते. निवडक केंद्रांवर मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे. दिव्यांग मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो.

२० टक्के वजन टीएमएला, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला असतं. अनेक पालक याकडे 'किरकोळ काम' म्हणून बघतात आणि मार्क गमावतात.

एनआयओएसबद्दल दोन गोष्टी नातेवाईक हमखास ऐकवतात. पहिली, 'ते नापास मुलांचं बोर्ड आहे.' दुसरी, 'त्यावर इंजिनिअर-डॉक्टर होता येत नाही.' पहिलीचं उत्तर देण्यात वेळ घालवू नये. दुसरी चुकीची आहे. जेईई मेनच्या पात्रता परीक्षांच्या यादीत पाच विषयांसह एनआयओएसची बारावी आहे. नीटच्या बाबतीत ओपन स्कूलच्या मुलांना बाहेर ठेवणारा नियम आला होता, तो २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

पण विषय निवडताना सावध राहायला हवं. एनआयओएसमध्ये दहावीला गणित सक्तीचं नाही. चित्रकला, होम सायन्स, डेटा एंट्री असे विषय घेऊन दहावी पास होता येतं. मुलाला गणिताची धास्ती असेल तर हा मोह फार मोठा असतो. चौदाव्या वर्षी गणित सोडलेल्या मुलाला सोळाव्या वर्षी डिप्लोमा करावासा वाटला तर मात्र दार बंद असतं. जे मूल काय करणार हे अजून ठरलेलं नाही, त्याचं गणित आणि विज्ञान ठेवावं. मार्क कमी आले तरी चालतील. तसंच दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं, त्यामुळे 'हुशार आहे, एका वर्षात दोन्ही उरकू' हे होत नाही.

महाराष्ट्रातल्या पालकांसाठी अजून एक खाच. राज्याच्या कोट्यातून मेडिकल किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना अधिवासासोबत दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली आहे का हे तपासलं जातं. म्हणून एनआयओएसचं अभ्यासकेंद्र आणि परीक्षाकेंद्र निवडताना राज्य बघा. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या 'सोप्या सेंटर'ची जाहिरात बघून तिकडे नोंदणी केली, तर नंतर राज्याच्या कोट्यावर पाणी सोडावं लागू शकतं.

दुसरा रस्ता म्हणजे आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी-बारावी देणाऱ्यांसाठी ही सोय पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पेपर तोच, अभ्यासक्रम तोच, प्रमाणपत्रही त्याच मंडळाचं. मराठी माध्यमातून बालभारतीची पुस्तकं वापरून शिकणाऱ्या मुलाला हे जवळचं वाटतं. मंडळ एक संपर्क केंद्र, म्हणजे एक शाळा देतं आणि अंतर्गत मूल्यमापन तिथे होतं. अडचण अशी की दहावीच्या अर्जासाठी १४ वर्षं पूर्ण असण्यासोबत किमान पाचवी पास असणं आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. सहावी-सातवीत शाळेतून काढलेल्या मुलाकडे हे असतं. शाळेची पायरीच न चढलेल्या मुलाकडे नसतं.

याच ठिकाणी तिसरा, कमी माहीत असलेला रस्ता कामाला येतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केलं. शाळाबाह्य मुलं, दिव्यांग मुलं, खेळात किंवा कलेत वेळ देणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून. इथे पाचवीची परीक्षा १० वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची १३ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, पुढे दहावी-बारावीही आहे. एनआयओएसमध्येही याच धर्तीवर मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम आहे, त्यात ए, बी आणि सी हे टप्पे अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष आहेत. नववीत मुलाला नेहमीच्या शाळेत घालायचं असेल तर आठवी पासचा असा कागद हातात असणं खूप सोयीचं. चौदा वर्षांनंतर शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण संपतं आणि शाळा मोकळेपणाने कागद मागू शकते, हे विसरून चालणार नाही.

चौथा रस्ता केंब्रिज किंवा पिअर्सन एडेक्सेलच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचा, म्हणजे आयजीसीएसई आणि ए लेव्हल. बाहेरून परीक्षेला बसू देणारं केंद्र शोधावं लागतं, आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी ते केंद्र तयार आहे का हे वेगळं विचारावं लागतं. मुलाच्या आवडीप्रमाणे एकेक विषय देता येतो ही जमेची बाजू. पण खर्च एनआयओएसच्या कितीतरी पट, आणि भारतातल्या कॉलेजात प्रवेशासाठी भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षतेचे नियम पाळावे लागतात. त्यात किती विषय आणि किमान कोणत्या ग्रेड लागतात, हे विषय निवडण्याआधी वाचा. चार विषयांत उत्तम ग्रेड आणून पाचवा विषयच न दिल्यामुळे अडकणं हे फार महाग पडतं. परदेशात शिकायचं पक्कं असेल तरच हा रस्ता पैशाचं मोल देतो. नुसतं 'इंटरनॅशनल' हे नाव आवडलं म्हणून तो घेऊ नये.

या चारांच्या बाहेरचं कोणतंही 'ओपन बोर्ड' कोणी सुचवलं, एका महिन्यात दहावी, घरबसल्या बारावी असं काही असेल, तर आधी ते मंडळ कोबसे या शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत आहे का ते बघा. बनावट मंडळांचा धंदा जोरात आहे आणि त्यात पैसे जातात त्याहून जास्त मुलाची वर्षं जातात.

अमेरिकेतल्या मराठी घरांचं गणित वेगळं

पुण्यातल्या बहिणीला परीक्षा निवडायचं स्वातंत्र्य असतं, पण न्यूयॉर्कमधल्या भावाला ते तेवढं नसतं. अमेरिकेत होमस्कूलिंग सगळीकडे कायदेशीर आहे, नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये परीक्षेची सक्ती नाही. पेनसिल्व्हेनियात तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित चाचणी द्यावी लागते आणि ती पालकाने स्वतः घ्यायची नसते. नॉर्थ कॅरोलिनात दरवर्षी. न्यूयॉर्कमध्ये चौथी ते आठवी किमान एक वर्षाआड आणि नववीनंतर दरवर्षी. निकाल ३३ व्या पर्सेंटाइलच्या वर असावा किंवा मुलाने वर्षभराची प्रगती दाखवावी, अशी तिथली अट. व्हर्जिनियात चौथ्या स्टॅनाइनची अट आहे. स्टॅनाइन म्हणजे निकालाचे एक ते नऊ असे गट. चौथा गट साधारण २३ व्या पर्सेंटाइलपासून सुरू होतो, म्हणजे नाव भारदस्त असलं तरी अट तशी सौम्य आहे.

तिथे आयोवा, स्टॅनफर्ड १० आणि कॅट (कॅलिफोर्निया अचिव्हमेंट टेस्ट) ही नावं सारखी ऐकू येतात. आपल्याकडच्या कॅटशी, म्हणजे एमबीएच्या परीक्षेशी त्याचा काही संबंध नाही. आयोवाला वेळेचं बंधन असतं, स्टॅनफर्ड १० ला नसतं, त्यामुळे घड्याळ बघून घाबरणाऱ्या मुलासाठी दुसरी बरी. या दोन्ही घ्यायला सहसा पदवीधर व्यक्ती लागते. कॅट घेणं सोपं आणि स्वस्त, पण तिच्या काही आवृत्त्यांमधली तुलना कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांशी होते. म्हणून कायद्याची अट भागवायची असेल तर ती चालते, मुलाबद्दल खरं काही कळावं असं वाटत असेल तर नवी आवृत्ती बघावी.

भारतात राहून अमेरिकेत पदवीसाठी जायचं असेल तर एसएटी आहे. तिच्या नोंदणीत शाळेचा कोड मागतात आणि तिथेच मुलं अडतात. होमस्कूल विद्यार्थ्यांसाठी ९७०००० हा वेगळा कोड आहे.

परीक्षेआधी परीक्षेची सवय

घरी शिकलेलं मूल उत्तर सांगतं, ते लिहीत नाही. तीन तास एका बाकावर बसून, अनोळखी सुपरवायझरसमोर, पाणी प्यायलाही विचारून उठायचं, हा अनुभव थेट दहावीच्या पेपरला पहिल्यांदा येऊ नये. त्यासाठी शालेय परीक्षाच हवी असं नाही. गाणं, तबला, कथक शिकणारी मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' देतात तिथेही फॉर्म असतो, केंद्र असतं, परीक्षक असतो आणि पोटात गोळा येतो. होमस्कूलिंग करणाऱ्या कितीतरी घरांत मुलाची पहिली खरी परीक्षा तीच असू शकते, आणि नऊ-दहाव्या वर्षी ती पुरेशी आहे. तेराव्या वर्षापासून मात्र महिन्यातून एकदा जुना पेपर, घड्याळ लावून, पेनने लिहून घ्यायला सुरुवात करावी. हाताला लिहायची सवय लागायला मेंदूपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि फॉर्म भरायला बसाल तेव्हा जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख दोन्हीकडे एकसारखी आहे का ते बघा. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नावातली चूक पहिलीपासून कुठे ना कुठे पकडली जाते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत दहावीचं प्रमाणपत्र हा बहुतेक वेळा शिक्षणाचा पहिलाच सरकारी कागद असतो, आणि पुढे अनेक ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालतो. आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती दहावीची नोंदणी करण्याच्या आधी करून घ्या.